चालू स्थितीतले आजोबा

मास्तर नोकरीतून निवृत्त झाले ते फक्त कागदावर. उभं आयुष्य त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलं होतं. कंडक्टरला मास्तर म्हणायची लोकांची रीत, त्यामुळे शाळेशी जेमतेम ओळख असूनही ते अख्ख्या गावाचे मास्तर झाले. निरोपाच्या दिवशी वरिष्ठ साहेब त्यांचे गुण गात होते, तेव्हा मास्तरांचं लक्ष भाषणाकडे नव्हतंच. दारात घोळका करून उभ्या राहिलेल्या मंडळींकडे ते बघत होते. शेवटी राहवेना. उठले, आणि स्वतःचाच निरोप समारंभ थांबवून त्यांनी सगळ्यांना आत सरकवलं. मागच्या खुर्च्या रिकाम्या आहेत हे साहेबांच्या देखत सिद्ध केलं आणि मगच त्यांना पुढे बोलायची परवानगी दिली.

घरी बसल्यावर त्यांनी घराचीच गाडी केली. घरातल्या बोळात पिशवी दिसली की सामान कुणाचं म्हणून आवाज घुमायचा, आणि घरात माणसंच मोजकी असल्यामुळे गुन्हेगार लगेच सापडायचा. न्हाणीघरात कुणी जास्त वेळ घेतला की बाहेरून दारावर दोन टकटका पडायच्या. दुसऱ्यांच्या लग्नात तर ते वधूवरांना भेटायच्या रांगेचा ताबाच घेत. रांग भराभर सरके, फोटोवाल्याची धांदल उडे आणि नवरानवरीला कोण भेटून गेलं याचा पत्ता लागत नसे. त्यांची बायको बिचारी जन्मभर त्यांच्या संसारात उभ्याने प्रवास केल्यासारखी राहिली आणि एक दिवस न सांगता या जगातूनच उतरून गेली. त्यानंतर मास्तरांचा आवाज आणखी वाढला. रिकामं घर भरायला त्यांच्यापाशी दुसरं होतं तरी काय.

घरात उरली तीन माणसं. मास्तर, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाला धंद्याची भारी हौस. त्याने मोबाईलची कव्हरं विकून पाहिली, पाण्याचे जार पोहोचवून पाहिले, झेरॉक्सचं मशीन घेऊन पाहिलं. प्रत्येक धंदा मोठ्या थाटात सुरू झाला आणि गुपचूप बंद पडला. सून शिवणकाम करायची आणि या सगळ्या उद्योगांचे खड्डे आपल्या शिलाईतून भरायची. ती बोलायची कमी, पण कामाला वाघ होती. मास्तर तिच्यावर दिवसातून तीनदा तरी ओरडत. चहा उशिरा आला म्हणून, लवकर आला म्हणून, आणि वेळेवर आला तर साखरेवरून.

मास्तरांची खोली घराच्या पुढच्या अंगाला होती. तिला एक मोठी खिडकी. खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं आणि वळणाच्या पलीकडे तळं. मास्तर खुर्ची टाकून बसत ते वळण बघायला. कुठली गाडी उशिरा धावतेय, कुठल्या गाडीत दारात माणसं लोंबकळताहेत, यावर त्यांची नजर असे आणि संबंधित कंडक्टरचा तिथल्या तिथे उद्धार होई. तळ्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तळ्याला वेळापत्रक नव्हतं.

आणि नेमकं त्या तळ्यानेच घात केला. कुणीतरी सरकारी माणसाने संध्याकाळच्या उन्हात त्याचा फोटो काढला, तो कुठेकुठे झळकला आणि गावाला पर्यटनस्थळ म्हणून बढती मिळाली. शाळेच्या सभागृहात सभा भरली. पर्यटन अधिकारी म्हणून एक तरुण गृहस्थ आले होते. त्यांचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा होता की त्यांना बसताना विचार करावा लागत होता. ते म्हणाले, देशाचं भविष्य आता पाहुण्यांच्या हातात आहे. या उद्योगाला धुराडं लागत नाही, कच्चा माल लागत नाही. आपला निसर्ग, आपला पाहुणचार आणि घरातली एक रिकामी खोली हेच भांडवल. ज्याच्याकडे हे आहे तो आजपासून गुंतवणूकदार आहे.

गावात साथ पसरावी तशी ही गोष्ट पसरली. ज्याची म्हैस बाहेर बांधता येण्यासारखी होती त्याने गोठ्याला रंग दिला. न्हाव्याने पाटीवर तळ्याचं चित्र काढून घेतलं. मास्तरांच्या मुलाने घरी येऊन रिकाम्या खोलीचा शोध सुरू केला. रिकामी खोली काही सापडेना. मग त्याच्या लक्षात आलं की पुढची खोली रिकामीच आहे, तिच्यात फक्त वडील आहेत.

हे वडिलांना सांगायची छाती मुलाला नव्हती. त्याने बायकोला पुढे केलं. सून पदराशी चाळा करत दारात उभी राहिली आणि खालमानेने सगळं सांगून मोकळी झाली. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, मला कुठे टाकणार? स्वयंपाकघराच्या मागे एक खोली होती. तिच्यात गॅसचं जादा सिलेंडर, मोडकी शिलाई मशीन आणि धान्याचे डबे राहायचे. खिडकी नव्हती. सून म्हणाली, मी ती स्वच्छ करून देते. मास्तरांनी अंथरूण उचललं ते थेट मागे नेऊन आपटलं. त्या दिवसापासून ते सुनेशी तोंडाने कमी आणि भांड्यांच्या आवाजाने जास्त बोलू लागले. खोली आपली काढली ती हिनेच, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. मुलगा मात्र त्यांच्या हिशेबातून साळसूदपणे निसटला.

पण मास्तर हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी ठरवलं, पाहुण्यांना सळो की पळो करून सोडायचं. आठपंधरा दिवसांत हा धंदा आपोआप बसेल, आधीचे बसले तसाच. मग खोली परत, खिडकी परत, वळण परत.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक शहरी जोडपं आलं. सुनेने खोलीला नवे पडदे शिवले होते, चादरी अशा ताणून घातल्या होत्या की त्यावर बसायला संकोच वाटावा. जोडप्याने आपल्या बॅगा बोळात टाकल्या आणि मास्तरांना हवी होती ती संधी मिळाली. वाटेत सामान कुणाचं, हा बोळ आहे की गोदाम, मागच्या माणसाने यायचं कुठून? जोडपं दचकलं आणि बॅगा उचलून आत पळालं. सकाळी उजाडताच मास्तरांनी दार वाजवलं. उतरा, उठा, इथे मुक्कामाला आलाय की कायमचे? न्हाणीघरासमोर त्यांनी दोघांची रांग लावली. दोघांचीच रांग, पण त्यातही बाई पुढे आणि बुवा मागे हे त्यांनी ठरवलं. नाश्त्याला नवरा खिडकीपाशी बसला तर त्याला उठवून भिंतीकडे बसवलं, कारण खिडकीची जागा बायकांसाठी राखीव. त्याने खांद्याला लावलेली पिशवी पुढे घ्यायला लावली. सुट्टे पैसे नसतील तर चहा मिळणार नाही, असंही बजावलं. चहाचे पैसे घ्यायचेच नव्हते, तरीही.

स्वयंपाकघरात सुनेच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. तिने या धंद्यात शिलाईतून साठवलेला सगळा पैसा ओतला होता, आणि सासरे तो पहिल्याच फेरीत बुडवायला निघाले होते. पण जाताना त्या जोडप्याने मास्तरांबरोबर फोटो काढून घेतला. बायको म्हणाली, आमचे आजोबा गेल्यापासून आम्हाला असं हक्काने कुणी झापलंच नाही. मास्तर फोटोत असे दिसत होते की जणू बिनतिकीट प्रवासी पकडलाय आणि तो त्यांच्या गळ्यात पडलाय.

जोडप्याने घरी जाऊन फोनवर या घराबद्दल लिहिलं. तळं ठीक आहे, पण आजोबांचं ओरडणं चुकवू नका.

मग काय, रीघ लागली. येणारा प्रत्येकजण दारातच विचारू लागला, ते ओरडणारे आजोबा इथेच ना? लोक मुद्दाम बोळात बॅगा टाकू लागले. मास्तर जितके भडकत तितके पाहुणे खूश, आणि पाहुणे जितके खूश तितके मास्तर भडकत. एका कुटुंबाने तळ्याकडे एकदाही न जाता अख्खी सुट्टी बोळात घालवली. मुलाने लगेच पाटी रंगवून दारावर लावली, ‘कंडक्टरचं घर’. मास्तरांना वाटलं, चला, निदान आपला मान तरी ठेवला. पाटीचा खरा अर्थ त्यांच्या डोक्यात अजून शिरायचा होता.

तो शिरला त्यांचा घसा बसला तेव्हा. सर्दीने आवाज पार गेला. मास्तर मफलर गुंडाळून मुकाट्याने बसून राहिले आणि पाहुणे बॅगा घेऊन बोळात ताटकळले. बॅगा इकडून तिकडे सरकवून पाहिल्या. एकाने तर चप्पल घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मजल मारली. मास्तरांनी नुसते डोळे वटारले. संध्याकाळी ते गृहस्थ मुलाकडे गेले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, आजोबांचं सांगून खोली दिलीत आणि आजोबा तर बंद आहेत. मुलाने माफी मागितली आणि भाड्यात सूट दिली.

मागच्या खोलीत मास्तरांनी हे सगळं ऐकलं. आपण लोकांना हाकलतोय असं ते इतके दिवस समजत होते, आणि आपणच तर दुकानात मांडलेला माल होतो. धंदा बुडवायला निघालेला माणूस धंद्याचा खांब होऊन बसला होता. एवढी फजिती त्यांची उभ्या नोकरीत झाली नव्हती.

अशातच मोठे साहेब आले. तळ्याकाठी हॉटेलं बांधणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे ते मालक होते. पर्यटन अधिकारी त्यांच्या मागेमागे फिरत होते. साहेबांना अख्खं घरच हवं होतं, लांब मुदतीच्या करारावर. वर दोन मजले चढवायचे, आतून सगळं बसच्या रंगात रंगवायचं. कुटुंबाने बाजारामागच्या फ्लॅटमध्ये राहायचं. मुलाला व्यवस्थापक करणार होते आणि सुनेला नाश्त्याच्या कामावर पगारी ठेवणार होते. मास्तरांनी मात्र रोज सकाळी कामावर यायचं. अधिकाऱ्यांनी मुलाला सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी साहेबांची एकच अट सांगितली. करार होईल तेव्हा आजोबा चालू स्थितीत असले पाहिजेत. पुढे जमलं तर मास्तरांनी आणखी चार गावांतल्या चार आजोबांना ओरडायचं प्रशिक्षणही द्यावं, अशी साहेबांची दूरदृष्टी होती.

मुलगा हवेतच तरंगायला लागला. आजवर त्याच्या प्रत्येक धंद्याने त्याला खाली पाडलं होतं. हा पहिला धंदा असा होता की ज्यात त्याला काहीच करायचं नव्हतं. साहेब दोन दिवसांनी राहायला येणार, सगळं डोळ्यांनी बघणार आणि लगेच सह्या होणार होत्या. घर मास्तरांच्या नावावर होतं खरं, पण बाबा सही करतील हे मुलाने परस्पर कबूल करून टाकलं होतं.

त्या दुपारी सून मागच्या खोलीत आली. चहाचा कप खाली ठेवून ती तिथेच धान्याच्या डब्यावर बसली. सासऱ्यासमोर ती आजवर कधी बसली नव्हती. मास्तरांनी भुवया वर केल्या.

ती म्हणाली, “बाबा, हे घर गेलं तर मी कुठली? पडदे मी शिवले, चादरी मी धुतल्या, लोकांना फोनवर मी उत्तरं दिली. आता माझ्याच चुलीवर मी पगारी बाई होणार. ह्यांना सांगून उपयोग नाही, ह्यांना ऐकूच येत नाही सध्या.”

मास्तरांनी विचारलं, मग मी काय करू, साहेबाला आणखी मोठ्याने ओरडून हाकलू?

“तसं केलंत तर तो दोन मजल्यांऐवजी चार चढवेल. तुम्ही गोड बोला.”

मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना कपबशा घेऊन नाचायला सांगितलं होतं. पण बोलणं त्यांना पटलं. ते इतके दिवस जिला शत्रू समजत होते ती त्यांच्याच बाजूला उभी होती, नव्हे, त्यांच्याही आधीपासून एकटीच लढत होती. हे उमजल्यावर त्यांना मनातून ओशाळल्यासारखं झालं. ओशाळल्यावर काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी चहाला साखर कमी असल्याचं सांगितलं.

मग तालीम सुरू झाली. सून पाहुणा व्हायची आणि मास्तर यजमान. यावं, बसावं, प्रवास कसा झाला, एवढीच तीन वाक्यं होती. पहिल्या दिवशी मास्तर ‘यावं’ असं म्हणाले ते ऐकून शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ‘बसावं’ म्हणताना त्यांचा हात आपोआप माणसाला मागे ढकलायचा. सुनेने त्यांना हात पाठीमागे बांधायला लावले. हसायचं कसं हा तर मोठाच प्रश्न होता. मास्तर हसले की दुखणाईत वाटत. शेवटी हसणं वगळायचं ठरलं. तालमीत दोघांनाही हसू आवरेना, आणि कितीतरी वर्षांनी त्या घरात भांड्यांखेरीज कशाचा तरी आवाज झाला.

साहेब आले. त्यांनी सराईतपणे बॅग बोळाच्या मधोमध ठेवली, बूट काढून त्याशेजारी टाकले आणि हाताची घडी घालून वाट बघत उभे राहिले. मास्तर पुढे झाले. हात पाठीमागे बांधलेले. “यावं, बसावं, प्रवास कसा झाला?” एका दमात सगळं म्हणून त्यांनी बॅग स्वतः उचलली आणि पुढच्या खोलीत नेऊन ठेवली.

साहेबांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने वडिलांकडे पाहिलं. साहेबांनी मग आणखी प्रयत्न केला. खुर्चीवर पाय घेऊन बसले. मास्तरांनी पायाखाली उशी दिली. साहेब खिडकीच्या जागेवर जाऊन बसले. मास्तरांनी पडदा सरकवून दिला, उजेड पुरेसा आहे ना विचारलं. साहेब दाराच्या मधोमध उभे राहिले आणि अधिकाऱ्यांना आत येता येईना. दारात अडून राहिलेला माणूस बघून मास्तरांच्या कानशिलापाशी शीर उडायला लागली. पाठीमागे बांधलेले हात एकमेकांना पिळू लागले. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पडद्याआडून सून बघत होती आणि मनातल्या मनात त्यांना शाबासकी देत होती. अधिकारी घाम पुसत साहेबांना समजावत होते की आजोबा बहुधा अजून तापले नसतील.

साहेब कंटाळले. पलंगावर बसून फोनमध्ये बघत राहिले. सून पाण्याचे रिकामे झालेले पेले न्यायला आली. फोनवरची नजर न काढता साहेबांनी तिच्या दिशेने चुटकी वाजवली. “ए, चहा आण. आणि ते बूट बाहेर ठेव.”

मास्तरांचे हात सुटले.

“चुटकी कुणाला वाजवता? ही सून आहे माझी. हे घर तिच्या जिवावर उभं आहे. तिच्या चादरीवर बसलात, तिचं पाणी प्यायलात, आणि तिला एकेरी हाका मारता? माझ्या गाडीत गाठोडं घेऊन चढणाऱ्या बाईलासुद्धा मी असं बोलू दिलं नाही कुणाला. माफी मागा तिची.”

आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता. उलट खालचाच होता, आणि कापत होता. सूनही जागच्या जागी थिजली.

साहेबांनी फोन खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. ते उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. अधिकाऱ्यांनीही वाजवल्या. साहेब म्हणाले, वा, याला म्हणतात अनुभव, याच्यापुढे तळं म्हणजे काहीच नाही. मग ते मास्तरांजवळ आले आणि अगदी लाडाने म्हणाले, “आजोबा, हेच पुन्हा एकदा करता का? माझा कॅमेरा चालू नव्हता.”

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. जन्मभर ज्या आवाजावर त्यांनी माणसं सरकवली, तंटे मिटवले, दारुडे उतरवले, तो खरा असून खोटा ठरला होता. राग इतका विकला गेला होता की आता खऱ्या रागालाही टाळ्याच पडत होत्या. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. अख्ख्या खोलीत तिने एकटीनेच ते खरं म्हणून ऐकलं होतं.

मग मास्तरांनी साहेबांची बॅग उचलली. अगदी नम्रपणे. ती रस्त्यावर नेऊन ठेवली, परत आले आणि दार धरून उभे राहिले. “उतरा,” ते हळूच म्हणाले.

साहेबांना हे तर फारच आवडलं. ते अधिकाऱ्यांना ढोसत बाहेर गेले, नुसत्या मोज्यांवर. या वेळी कॅमेरा चालू करायला विसरले नाहीत. दोघे रस्त्यावर उभे राहून दाराकडे फोन रोखून हसत होते. मास्तरांनी दार लावलं आणि कडी घातली.

बाहेर हसणं चालूच होतं. पुढचा प्रवेश कधी सुरू होतो याची ते वाट बघत होते. रस्त्यावरची दोनचार माणसंही थांबली आणि तीही वाट बघू लागली. मुलगा धावत कडीकडे आला, तर समोर बायको.

“कडीला हात लावू नका,” ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने त्याला दिलेली ही पहिली आज्ञा असावी. त्यामुळे ती कशी मोडायची हे त्याला सुचेना आणि तो तसाच उभा राहिला.

हळूहळू बाहेरचं हसू पातळ झालं. साहेबांनी दार ठोठावलं, म्हणाले, झालं की आजोबा, छान झालं, उघडा आता. रस्ता उन्हाने तापला होता आणि साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते. अधिकारी खिडकीशी येऊन उद्योगाच्या भवितव्याबद्दल, देशाच्या प्रगतीबद्दल आणि हातच्या जाणाऱ्या संधीबद्दल आतल्या पडद्याला समजावू लागले. पडदा बाजूला झाला. सुनेने त्यांच्या हातात आधी डावा बूट दिला, मग उजवा. बूट बाहेर ठेवायला साहेबांनीच तर सांगितलं होतं. मग तिने पडदा ओढून घेतला.

साहेबांनी तळ्याच्या दुसऱ्या काठाला एक घर घेतलं आणि तिथे पगारी आजोबा ठेवला, असं नंतर कळलं. तो पूर्वी नाटकांत काम करायचा. ओरडायचा झकास, पण आठवड्याची सुट्टी मागायचा आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत तर रुसायचा. मास्तरांच्या मुलाने पहिले काही दिवस जेवणावर राग काढला. मग भूक लागली. दरम्यान मास्तरांनी त्याला समोर बसवून सांगितलं की घर माझं असलं तरी यातला धंदा सुनेचा आहे, तुला काम हवं असेल तर तिच्याकडे मागायचं. त्याने मागितलं. तिने त्याला चादरी धुवायला दिल्या, आणि आश्चर्य म्हणजे हा त्याचा एक उद्योग बंद पडला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दार लावून झाल्यावर मास्तर स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. थकले होते. आपल्यामुळे पोरांची लाखाची संधी गेली की काय, असंही मनात येत होतं. सुनेने चहा ठेवला.

ती पाठमोरीच म्हणाली, “इतकी वर्षं रोज माझ्यावर ओरडलात, बाबा. आज पहिल्यांदा माझ्यासाठी ओरडलात.”

मास्तरांनी कप हातात घेतला, एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि चहाबद्दल चकार शब्द काढला नाही. सुनेला ते पुरलं. तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलायला लागली. म्हणाली, उद्या एक कुटुंब येतंय, पण पुढची खोली तुम्ही परत घ्या. अंथरूण मी आत्ताच नेऊन टाकते. पाहुण्यांना मागची खोली देऊ.

मास्तरांना आनंद झाला, तो लपवावासाही वाटला आणि लपला नाही. पण लगेच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. लोक पैसे मोजून एवढ्या लांबून येणार आणि त्यांना डबे आणि सिलेंडर दाखवायचं, हे त्यांच्या शिस्तीत बसेना.

“अगं, मागच्या खोलीला खिडकी नाही,” ते म्हणाले. “पाहुणे बघणार काय?”

सुनेने त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

“तुम्हाला,” ती म्हणाली.